तिखट उतरवणं

भज्यांच्या गाडीसमोर आले आणि माझ्या मांड्या आपोआप आवळल्या. भर दुपारी, स्टेशन रोडवर, चारचौघांत. नुकताच कढईत घाणा पडला होता. बेसनाचा वास नाकात शिरला आणि पोटाखाली सगळं गच्च झालं, आतून कुणी कडी लावावी तसं. मागून रिक्षावाला ओरडला, ‘ओ बाई, रस्ता काय तुन्हा बापना शे का?’ मी हलले नाही. एरवी असं झालं की मी स्वतःलाच शिव्या घालते, मेले, भज्याला भितेस, आणि ओढणी नाकाला लावून सटकते. त्या दिवशी म्हटलं, आवळू दे. त्या मांड्यांना कुणी सांगितलंच नाही की तो माणूस आता घरात नाही, फारकत होऊन दोन हंगाम गेले. त्या आपल्या राखणीला उभ्या आहेत. त्यांना शिव्या कशाला घालायच्या? शिव्या घालायची माणसं वेगळी आहेत आणि ती याच गावात राहतात, इथून चालत जाण्याइतकी जवळ.

झालं एवढंच होतं की त्याच सकाळी डॉक्टरीणबाईंनी तपासताना आत एका जागी बोट टेकवलं आणि विचारलं, ‘संबंधाच्या वेळी इथेच दुखायचं ना? खोल?’ मी गेले होते पाळीच्या दुखण्यासाठी. शिवता शिवता मशीनवरून खाली पडले म्हणून अब्बांनी शेजारणीला सोबत घालून पाठवलं, तिला मी बाहेरच बसवलं, नंतर पुढे घरी धाडून दिलं. वरच्या पंख्याच्या पात्यांवर किती धूळ साचलीय ते बघत पडले होते आणि ही बाई, माझं नाव धड लक्षात नसलेली, नेमकी ती जागा दाबून विचारते, जसं किराणावाल्यानं विचारावं, हीच डाळ का. सात वर्षांच्या संसारात त्या जागेचा पत्ता मला कुणाला सांगता आला नव्हता. नवऱ्याला नाही, सासूला नाही, अम्मी असती तर तिलाही नाही. मी ‘हो’ म्हणाले. पण तो हो असा काही निघाला की नर्स हातातला कापूस सोडून माझ्याकडे बघायला लागली. मी रडले नाही. मला रडू येत नाही, राग येतो. इतका आला की सलवारीच्या नाडीला गाठीवर गाठ मारली.

बाईंनी नीट समजावून सांगितलं. गर्भाशयाला आतून अस्तर असतं, तसलंच अस्तर कुणाकुणाला बाहेरच्या बाजूला वाढतं, मागे, अंडाशयावर, आतड्याला लागून. पाळीत आतलं अस्तर वाहून जातं, बाहेरच्याला वाट नाही. ते तिथंच सुजतं, तिथंच रक्त धरतं, मग सगळं एकमेकाला चिकटतं. तिथं धक्का लागला की कळ जाणारच. अस्तर मला कळतं, मी रोज लावते. चुकीच्या बाजूला लागलेलं अस्तर अंगाला किती काचतं ते शिवणाऱ्या बाईला काय शिकवायचं! नाव मात्र मालगाडीएवढं लांब सांगितलं, एंडोमेट्रिओसिस. मी विचारलं, ‘हे मनाचं असतं का?’ बाई म्हणाल्या, ‘कोण म्हणालं मनाचं?’ कोण नाही म्हणालं ते विचारा बाई, लवकर सांगून होईल. सोनोग्राफीत डाव्या बाजूला गाठ दिसत होती. गोळ्या दिल्या, फरक पडला नाही तर दुर्बिणीतून ऑपरेशन. मुळासकट जाईलच असं नाही, पण दुखणं आटोक्यात येतं. दुखतं म्हणून अंग आवळतं आणि आवळतं म्हणून जास्त दुखतं, तेही हळूहळू सुटतं, म्हणाल्या. आणि शेवटी म्हणाल्या, ‘यात तुमचा काही दोष नाही.’ हे मला सांगून काय उपयोग? मला ठाऊकच होतं. ज्यांना सांगायचं ते तिकडे पथारीवर बसलेत.

पथारी म्हणजे मिरची वाळत घालायचं मैदान. हंगामात आमच्या नंदुरबारच्या कडेनं जमीनच लाल होते. बाहेरचा पाहुणा ठसकला की आम्हाला हसू येतं, आमच्या नाकाला ती सवय आईच्या पोटातूनच असते. माझ्या सासरची पथारी तीन पिढ्यांची. बिबीजान, माझी सासू, नुसतं नख लावून मिरची किती सुकली ते सांगायची. या मिरचीवाल्या घरांत लग्नाला एक रीत आहे, तिखट उतरवणं म्हणतात. निकाह झाला की नवरदेवाला पाटावर बसवतात आणि घरातल्या बायका त्याच्या हातांना आधी गोडं तेल चोळतात, मग बेसन, मग दही, मग परत बेसन. नखं कोरतात. मग नवरीच्या बहिणीनं त्याची बोटं हुंगायची. नाक झणझणलं तर परत धुवायचं. हसणं, चिडवणं, गाणी. कारण उघडच आहे. मिरचीचा हात नवरीच्या अंगाला लागला तर काय होईल ते पथारीवरच्या प्रत्येक बाईला माहीत. चांगली रीत आहे, मी नाही म्हणत नाही. माझ्या चुलतबहिणीनं मुबीनची बोटं हुंगली आणि म्हणाली, पास. मुबीन माझ्याकडे बघून हसला. मीपण हसले, सगळ्यांसमोर, नवरीनं हसू नये तेवढं.

आता लोकांना वाटतं मी थंड बाई. तर ऐका. साखरपुड्यानंतर मुबीन आमच्याकडे धान्याची कोठी घेऊन आला. अब्बा पत्र्याच्या कोठ्या, पेट्या करतात. म्हणाला बुडाला भोक आहे. अब्बांनी पाणी भरून बघितलं, थेंब गळेना. तरी म्हणाला, ठोकून द्या. अब्बा ठोकत बसले आणि त्या ठणठणाटाखाली आम्ही दारात बोलत उभे राहिलो. त्याच्या मनगटावरच्या केसांत लाल धूळ बसलेली होती. मला ती बोटानं पुसावीशी वाटली, जिभेनं म्हटलं तरी चालेल. तो गेल्यावर मी पाण्याच्या हंड्याला गाल लावून बसले इतकं अंग तापलं होतं. मला तो हवा होता. मनाला सोडा, अंगाला हवा होता. हे मी आज पहिल्यांदा बोलतेय आणि मला लाज वाटत नाही, कारण जे माझ्याकडून घेतलं गेलं ते आधी माझ्याकडे होतं, एवढं तरी नोंद व्हावं. चोरी झाली म्हणायची तर आधी घरात काही होतं हे सांगावं लागतं.

पहिल्या रात्री मी ओरडले. माझा हात त्याच्या पाठीवर होता तोवर सगळं ठीक होतं, ठीक काय, छान होतं, आणि मग आत खोलवर कुणी सुरी फिरवली. भिंतीपलीकडे पाहुण्या बायका झोपलेल्या. सकाळी चहाच्या वेळी फुफीसास, मुबीनची आत्या, म्हणाली, ‘क्या रे मुबीन, हाथ बराबर नहीं धोए क्या?’ आणि घर हसलं. मुबीन लाजला. मीपण ओढणीत तोंड लपवून हसले. काय कळत होतं मला! मलाही वाटलं मिरचीच असेल. आग आणि कळ यांत फरक असतो हे एरवी मला कळत होतं, पण सगळे एकच म्हणत असले की आपल्या अंगाचंही आपल्याला खरं वाटेनासं होतं. तो विनोद त्या दिवसापासून घरात राहायला आला. कुठल्याही लग्नात नवरदेवाचे हात धुताना कुणी ना कुणी सांगायचंच, बराबर धो, नाहीतर मुबीनसारखं होईल. मी तिथेच बसलेली असायची, ताटात बेसन कालवत.

पुढे विनोद संपला आणि हात धुणं उरलं. बिबीजाननं न्हाणीत बेसनाचा वेगळा डबा ठेवला. रोज जेवणं आटोपली की मुबीन हात धुवायला जायचा. नळ सुटला की घरात सगळ्यांना कळायचं. मी खोलीत पडून तो नळ ऐकायची. मी सांगायची, दुखतंय, थांब. तर तो वैतागून उठायचा, परत न्हाणीत जायचा, परत नळ, परत बेसन, आणि येऊन दोन्ही हात माझ्या नाकाशी धरायचा. ‘सूंघ. अब?’ स्वच्छ असायचे हात. वास घेऊन मी काय बोलणार? मग तो राहिलेलं पुरं करायचा. झालंच, झालंच, म्हणायचा. त्यानं मला कधी मारलं नाही, दारू पिऊन आला नाही, घाणेरडं बोलला नाही. थांबला नाही एवढंच. मी आधी हळू म्हणायची थांब, मग मोठ्यानं, मग छातीवर हात लावून ढकलायची. त्याला ऐकू जात होतं. हे मी त्या दिवशी भज्यांच्या गाडीपाशी उभी राहून पक्कं ठरवलं, त्याला ऐकू जात होतं. एंडो का फेंडो ते त्याला माहीत नव्हतं, कबूल. मलाही नव्हतं. पण थांब हा शब्द तर माहीत होता ना? तो समजायला काय दुर्बीण लागते?

आणि भीती कशी मागे मागे सरकत आली बघा. पहिल्यांदा फक्त त्या कळेची भीती. मग त्याचं वजन अंगावर आलं की. मग नुसता हात खांद्यावर पडला की. मग बेसनाचा वास आला की. मग नळाचा आवाज. मग मगरीबची अजान होऊन दिवे लागले की. शेवटी सकाळी उठतानाच वाटायचं, आज परत संध्याकाळ होणार. जो हात मला हवा होता तोच मला साप झाला. दुसऱ्या दिवशी बसवायचं नाही, शौचाला कळ, पाळीत तर फरशीवर पोट टेकून पडायची. बिबीजान म्हणायची, मूल झालं की सुटेल. मूल होईना. मग म्हणाली, नाटक आहे. मग त्यांनी मुबीनला पथारीवरून उठवून दुकानातल्या गादीवर बसवलं, मिरचीला हात लावायचा नाही, नुसते फोन घ्यायचे. त्यांना वाटलं आता तर चोर सापडणार. आणि सापडला. हात महिनोन्‌महिने मिरचीला लागत नाहीत तरी बाई ओरडतेच, म्हणजे बाईच खोटी. हिशोब बरोबर होता त्यांचा. मिरचीवाल्यांना जगातलं प्रत्येक दुखणं मिरचीचंच वाटतं, आणि मिरची नसेल तर ते दुखणंच नाही.

जमातीतले वडीलधारे बसले तेव्हा मुबीननं काही खोटं सांगितलं नाही. नुसते हात पुढे केले. म्हणाला, ‘धो धो के खाल निकल गई मेरी. और क्या करूँ?’ खरंच, बोटांची सालं निघाली होती, पांढरी झाली होती पार. सगळे त्याच्या हातांकडे बघायला लागले. एक म्हातारा च्‌च्‌ म्हणाला. त्या खोलीत तेवढा वेळ कुणाच्या नजरेत माया होती तर ती त्या हातांसाठी. माझ्याकडे कुणी बघितलं नाही, आणि बघण्यासारखं माझ्याकडे होतं काय? माझी जखम दाखवता येत नव्हती. अब्बा जमिनीकडे बघत होते. म्हणाले, पोरीतच खोट असेल तर मी काय बोलणार. अब्बांवर माझा राग आहे तो मी त्यांच्या चहात साखर कमी घालून काढते, त्यांना कळतं, ते तसाच पितात. पण मुबीन नुसता सुटला नाही, बिचारा ठरला. गावानं त्याला बिचारा केला आणि मला थंडी औरत. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघतात, मापं मीच घेत असते तरी.

सूड हा शब्द मी शाळेत शिकले, मराठी शाळेत. घरी आम्ही आमची खानदेशी हिंदी बोलतो, बाजारात अहिराणी, पण मनातल्या मनात दात खायचे तर मला मराठी बरी पडते. मशीनचं पायडल मारता मारता मी किती सूड शिवले आणि उसवले. त्याच्या बेसनाच्या डब्यात बारीक तिखट मिसळायचं, हा पहिला, पोरकट. मग एक पक्का सापडला. एकच वाक्य. ‘त्याच्यात काही नाही.’ बायकांच्या कानात एवढं टाकलं की झालं. त्यांनी माझ्याबद्दल जे पसरवलं त्याचंच माप त्याला. खोटं होतं. मग त्यांचं काय खरं होतं? डॉक्टरकडे जायच्या दोन दिवस आधी तुळशीबाई आली तेव्हा ते वाक्य अगदी जिभेच्या टोकावर होतं. तुळशीबाई वर धडगावकडची, हंगामापुरती उतरते आणि मुबीनच्याच पथारीवर मिरचीचे देठ खुडते. लालभडक ब्लाउजचं कापड घेऊन आली होती. म्हणाली, ‘अंजुम बहीन, मुबीनशेठनं लगीन जमी ऱ्हायनं. धानोरानी पोर शे. तिन्ही माय तुन्हाकडे इचाराले येवाव शे.’ हीही आमच्याकडची रीत. सुटलेल्या माणसाला पोरगी द्यायची तर पोरीकडची बाई पहिल्या बायकोला गाठून विचारते, का सुटलं. ती जे सांगेल त्यावर ठरतं. म्हणजे मुबीनचं लग्न माझ्या तोंडात होतं. दोन दिवस मी ते चघळत होते.

तर भज्यांच्या गाडीपासून मी निघाले ती अशी, पिशवीत गोळ्या, अंगात आग. घरी पोचले तर ती बाई येऊन बसलेलीच. जुलेखाबी. जाड भिंगांचा चष्मा, मांडीवर शेतातली पपई. अब्बा अंगणात कोठीचं बूड ठोकत होते आणि मान वर करत नव्हते. पायरीवर एक पोरगी पालथ्या डब्यावर बसली होती, विशीचीही नसेल. मी आत गेले, पाणी दिलं, समोर बसले. जुलेखाबीनं पपई माझ्याकडे सरकवली. ‘बेटी, इचाराले उनू. राग मानू नको. दारू पेस का तो?’

‘नही.’

‘हात उचलस का?’

‘नही. कधीच नही.’

‘मंग तू काबर उनी माघारी?’

आता. जिभेवर ते वाक्य आलं. त्याच्यात काही नाही. बाहेर ठणठण चालू होती. जुलेखाबी बिचारी उत्तराची वाट बघता बघता अवघडून काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाली, ‘हाई मन्ही पोर, अतिका. कामले वाघीन शे. फक्त महिनानी येळले जराशी लोळस. लगीन व्हयनं का सुटी जाई.’

मी दाराबाहेर बघितलं. पोरगी डब्यावर पुढे वाकून बसली होती आणि तिची मूठ पोटाच्या खाली, उजवीकडे, गच्च रुतलेली. दुसऱ्या हातानं ती ओढणी सारखी करत होती, कुणी बघू नये म्हणून. ती मूठ मी ओळखते. ती माझी मूठ आहे. आणि खरं सांगते, मला तिची दया आली नाही. दया माझ्या अंगाला लागत नाही. मला आनंद झाला. असा आनंद की कानशिलं गरम झाली. म्हटलं, वा. अंजुम, अल्लानं काय ताट वाढून पाठवलंय तुला. खोटं बोलायचीसुद्धा गरज नाही. फक्त म्हण, माणूस चांगला आहे, माझंच पटलं नाही. द्या पोरगी. मग परत ते तेल, ते दही, परत नवरदेवाची बोटं हुंगतील, पास म्हणतील. आणि परत भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू येईल. मग काय सांगशील रे मुबीन जमातीला? दोन्ही बायका थंड्या? दोघींचंही नाटक? मग गाव तुझ्या हातांकडे बघणार नाही, तुझ्याकडे बघेल. मी घरबसल्या जिंकणार होते. नुसतं गोड बोलायचं होतं. जुलेखाबीच्या चेहऱ्यावर ते गोड ऐकायची तयारी दिसत होती, अर्धी हसलीच होती ती.

मी उठले. पोरीला गोड काहीतरी बोलायचं म्हणून उठले, खोटं कशाला सांगू. दाराशी जाऊन वाकले आणि तोंडातून निघालं भलतंच. ‘खोल दुखस का? आतमझार, मांगे?’

अतिकानं वर बघितलं. ‘हो,’ म्हणाली. आणि तो हो मी त्याच दिवशी, काही तासांपूर्वी, माझ्याच तोंडून ऐकला होता. नर्सच्या हातातला कापूस का सुटला ते तेव्हा मला कळलं. असा हो ऐकल्यावर ती पोरगी त्याच्या नळापर्यंत पाठवायची म्हणजे मी बिबीजान झाले. ते मला जमणार नव्हतं. चांगुलपणा वगैरे सोडा, मला बिबीजान व्हायचं नव्हतं. आणि दुसरं, ही पोरगी ओरडली असती तर त्या घरात परत एक विनोद जन्मला असता. त्यांना मी आता हसायला काही देणार नव्हते. एक दिलं तेवढं पुरे.

मी परत येऊन बसले. आवाज चढवून बोलले, अंगणात ऐकू जावं म्हणून. ‘खाला, तो हात धुवस. बेसन लाई लाईसन धुवस. हात चोखा शेतस त्याना. पन बाईले दुखस, ती सांगस थांब, तरी तो थांबस नही. सात वरीस थांबना नही.’

अब्बांची हातोडी थांबली. जुलेखाबीनं चष्मा काढला, पदरानं पुसला, लावला, परत काढला. मला वाटलं होतं ती म्हणेल, एवढंच? एवढ्यासाठी कुणी घर सोडतं का? तिनं तसं म्हटलं नाही. तिची नजर माझ्यावर नव्हतीच, माझ्या पलीकडे कुठेतरी जुन्या जागी गेली होती. कोणत्या ते मी विचारलं नाही. पोरीकडची माणसं नकार कळवताना काहीतरी आडपडदा ठेवतात, पोरीची तब्येत बरी नाही, मामा नको म्हणतो, असं. तिनं तेच विचारलं. ‘त्यास्ले काय सांगू मी? कोनी सांगं म्हनीसन सांगू?’

‘मन्हं नाव सांगा. अंजुमनी सांगं, आसंच सांगा. जसंना तसं सांगा, एक शबद इकडना तिकडे नको.’

मग डॉक्टरांचं सांगितलं. अस्तराचं सांगितलं, गाठीचं सांगितलं, लग्नानं हे सुटत नाही, उलट कळ वाढते हेही. उद्या पोरीला घेऊन या, मी सोबत येते. अतिका दारात येऊन उभी राहिली होती आणि मूठ पोटावरून काढायचं विसरली होती, किंवा आता लपवावीशी वाटत नसेल. जाताना जुलेखाबीनं पपई उचलली, मग तिच्याच लक्षात आलं, परत ठेवली. बाहेर हातोडी सुरू झाली ती नेहमीच्या ठेक्यात नव्हती. संध्याकाळी अब्बांना चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि माझ्याकडे बघितलं. साखर पुरेशी होती. ‘बेटा,’ म्हणाले, आणि कप घेऊन परत कोठीपाशी जाऊन बसले.

अतिकाला दाखवलं, तिच्या गोळ्या सुरू आहेत. माझ्याही. कुणी पुरुष आयुष्यात येईल की नाही मला माहीत नाही, यावा असं काही वाटत नाही. पण परवा हंड्यातलं पाणी भरताना उगाच गाल लावून बघितला. गार लागलं, बरं वाटलं.

आज तुळशीबाई ब्लाउज न्यायला आली. हुक लावायचे राहिले होते, म्हटलं बैस. ती बसली आणि हसायलाच लागली. म्हणाली, धानोऱ्याचं मोडलं. त्या बाईनं बिबीजानच्या तोंडावर सांगितलं, तू सांगितलंस तसंच, नावासकट. मग ते पथारीवर आलं. पथारीवर काही आलं की ते शंभर बायकांच्या ओळीतून देठासारखं खुडत जातं. काल मुबीनशेठ माल बघायला आला. बायका नाकाला फडकी बांधून खुडत बसलेल्या. तर एकीनं खाली मान घालूनच विचारलं, ‘शेठ, हात धुया का?’ त्याला वाटलं आपला जुनाच विनोद, घरचा. हसला तो. म्हणाला, धुतले, धुतले. तर ओळीच्या दुसऱ्या टोकाकडून कुणी तरी म्हणालं, ‘आनी थांबना का?’

कुणी हसलं नाही म्हणे. फक्त खुडायचे हात थांबले सगळ्यांचे, एकदम. फडक्यांवरून नुसते डोळे त्याच्याकडे. तो तिथं लाल ढिगात उभा, आपल्या हातांकडे बघत, कुठं ठेवावेत ते कळेना. खिशात घातले, काढले. मग गाडीवर बसून निघून गेला.

मी हुक टाकून दोरा तोडला. ब्लाउज तिच्या मांडीवर ठेवला.

‘परत सांग,’ म्हटलं.

‘सगळं? पहिलेपासून?’

‘नाही. तो हसला तिथून सांग.’